आत येणारी हवा

पोलादपुरात जुन्या रस्त्यालगत मिस्त्रींचे गॅरेज होते. त्याला नाव नव्हते. पत्र्याच्या दारावर पांढऱ्या रंगात दोन ओळी होत्या : ‘काय ऐकू येते ते सांगा. काय बदलायचे ते सांगू नका.’ रंग दर दिवाळीला नवा होई, मजकूर तोच राही. महामार्ग चौपदरी झाल्यापासून बहुतेक वाहने गावाला न शिवता निघून जात. जी चार वाहने वळत, त्यांतलेही एखादे त्या ओळी वाचून परत फिरे. मिस्त्रींना त्याचे वाईट वाटत नसे.

‘ज्याला आधीच ठाव हाय, त्याचा वेळ मी कशाला घेऊ?’ ते म्हणत.

मी तेव्हा महाडात एका दैनिकाचा बातमीदार होतो. माझी जुनी पेट्रोल गाडी सिग्नलला, फाटकाला, कुठेही थांबली की थरथरायची आणि कधी कधी बंद पडायची. महाडच्या एका गॅरेजने सेन्सर बदलायला सांगितला होता. दुसरे मत घ्यावे म्हणून मी पोलादपूरला गेलो. मिस्त्री साठीच्या आसपासचे, उंच आणि कंबरेत किंचित वाकलेले. डाव्या कानात कापसाचा बोळा.

‘काय ऐकू येतं?’

‘सेन्सर गेलाय म्हणतात.’

‘कोण म्हणतं?’

‘महाडचे गॅरेजवाले.’

‘त्यांना काय ऐकू आलं?’

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवायला सांगितले, मला गाडीच्या पुढे उभे केले आणि स्वतः आत जाऊन चहा पिऊन आले. इंजिनासमोर ते चहा पीत नसत. परत आल्यावर त्यांनी पुन्हा विचारले. मी म्हणालो, ‘शिट्टी. बारीक. थांबून थांबून.’

‘आता कसा माणसासारखा बोललास.’

त्यांनी हातभर लांबीची रबरी नळी घेतली, एक टोक उजव्या कानाला लावले आणि दुसरे इंजिनावरून हळूहळू फिरवले. एका जागी नळी थांबली. तिथे अंगठ्याएवढा रबरी पाइप होता. तो खालच्या अंगाने, जिथे डोळा पोचत नाही तिथे, फाटला होता. त्यांनी फाटीवर बोट दाबले. शिट्टी थांबली आणि इंजिन सरळ चालू लागले. सारे काम अर्ध्या तासाचे.

मी विचारले, इतकी हवा बाहेर जात होती तर कोणाला दिसली कशी नाही?

‘बाहेर जातच नाय ना! आत येतेय.’ त्यांनी बोट काढले, पुन्हा ठेवले. ‘इंजिन हवा ओढतं. जिथून ओढायला पायजे तिथून ओढतंय, आणि इथून चोरून. सगळे बघतात काय सांडतंय. तेल सांडलं का, पाणी सांडलं का. आत काय शिरतंय ते कोण बघत नाय.’

पुढे अनेक वर्षे त्यांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकले. ते इंजिनाबद्दलच बोलत. ऐकणारे त्यातून काहीही अर्थ काढत.

कापसाच्या बोळ्याचा खुलासा मला मावशींनी केला. मावशी म्हणजे मिस्त्रींची बायको. गॅरेजच्या मागे दोन खोल्यांत त्यांचे घर होते. डावा कान माणसांचा, उजवा गाडीचा, अशी वाटणी मिस्त्रींनी करून टाकली होती. इंजिन चालू असताना माणसांच्या कानात बोळा जाई. त्या वेळी डावीकडून कोणी कितीही महत्त्वाचे बोलले तरी उत्तर मिळत नसे. मोबाइल होता, पण तो तांदळाच्या डब्यात असे, कारण त्याच्या वाजण्याने ऐकण्यात खंड पडे.

‘मी चार हाका मारते तर ऐकू जात नाय,’ मावशी म्हणाल्या, ‘आणि रस्त्याला कुणाची गाडी खोकली तर जेवता जेवता उठतो. मी पण आता खोकूनच बोलवते.’

‘जुगाड’ हा शब्द गॅरेजमध्ये चालत नसे. एकदा एक ट्रकवाला म्हणाला, ‘मिस्त्री, महाबळेश्वरपर्यंत जाईल असा काहीतरी जुगाड करा.’ मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. ‘तो शब्द बोलायचा तर रस्त्याच्या पलीकडं उभा राहून बोल.’ ट्रकवाल्याला ती गंमत वाटली. मिस्त्री पाना उचलीनात तेव्हा तो खरोखर पलीकडे गेला, तिथून ओरडून तो शब्द पुन्हा म्हणाला आणि हसत परत आला. मगच काम सुरू झाले.

घाटातल्या चालकांना ते आणखी एक प्रश्न विचारत : उतारावर इंजिन बंद करता का? डिझेल वाचवण्यासाठी ही सवय इकडे सर्रास आहे. गाडी उताराला लागली की चावी मागे फिरवायची आणि वजनावर खाली सोडायची. मिस्त्री असे करणाऱ्याच्या ब्रेकला हात लावत नसत. एकाने ‘छे छे, कधीच नाय’ असे सांगितले. मिस्त्रींनी वाकून सायलेन्सरला हात लावला आणि तो तिथेच ठेवला.

‘कशेडी घाट उतरून आलास ना?’

‘होय.’

‘आणि सायलेन्सरला हात ठेवता येतोय? इंजिन गोठ्यात बांधून आलास काय?’

जमलेली माणसे हसली. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी त्या चालकाला समजावले. ब्रेक दाबायला पायाला जी मदत मिळते, ती पोकळीची. इंजिन चालू असते तोवर एक पंप हवा ओढून घेतो आणि ती पोकळी तयार ठेवतो. इंजिन बंद केले की शिल्लक राहते ती दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरती. तिसऱ्यांदा पायाखाली दगड.

आमची ओळख होण्याआधी महाडला मोठा पूर आला, तेव्हा मिस्त्रींचे गॅरेज महाडातच होते. ते छपरापर्यंत बुडाले. पाणी ओसरल्यावर प्रत्येकजण आपापल्या घराचे, दुकानाचे दार उघडण्याच्या खटपटीत होता. मिस्त्री मात्र दोन दिवस स्वतःच्या गॅरेजकडे फिरकले नाहीत. ते गुडघाभर चिखलातून आळ्याआळ्यांतून फिरत होते आणि जिथे चारचाकी किंवा रिक्षा दिसेल तिथे दार ठोठावून एकच सांगत होते : ‘चावी फिरवू नका.’

पुरात बुडालेली गाडी चालू होते का, हे माणूस सर्वांत आधी बघतो. चावी फिरते, इंजिनात भरलेले पाणी दाबले जाते आणि जे वाचले असते ते आतून वाकते.

‘मिस्त्री, दुकानात कंबरेएवढा गाळ आहे. गाडीचं काय घेऊन बसलात?’ एक कापडवाले चिडून म्हणाले.

‘दुकान धुता येतं. चावी फिरवलीस तर इंजिन धुता यायचं नाय. दे इकडं ती चावी.’

अशा चाव्या त्यांनी खिशात गोळा केल्या. कुठली कुणाची हे लक्षात राहावे म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. यांतल्या बऱ्याच गाड्या पुढे चालू झाल्या. त्यांचे स्वतःचे सामान गेले ते गेलेच. त्यानंतर ते पोलादपूरला उंचावर आले. पुढे ओळख झाल्यावर मी त्या फेरीची बातमी केली. ती त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, ‘दोरे लाल-पिवळेच नव्हते, हिरवा पण होता.’ दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती छापली.

आता सुलभाच्या जीपविषयी.

सुलभा वर डोंगरातल्या कुडपणची. तिशीची. नवरा मुंबईत नोकरीला. त्याने गावात प्रवासी वाहतुकीसाठी जुनी डिझेल जीप घेतली, पण ठेवलेला चालक टिकला नाही. तेव्हा सुलभाने पोलादपुरात शिकून परवाना काढला आणि वर्षभर ती जीप स्वतः चालवत होती. बाजाराची, दवाखान्याची माणसे ती खाली आणी आणि वर नेई. त्या साली वाडीतली सात मुले दहावीला होती. केंद्र पोलादपुरात. एसटीची वेळ पेपराला जुळत नव्हती, म्हणून मुलांना सुलभाने न्यायचे ठरले होते.

परीक्षेआधीच्या पंधरवड्यात उतारावर दोनदा ब्रेक दगड झाला. दोन्ही वेळा तिने गाडी खालच्या गिअरला घेऊन डोंगराच्या अंगाला उभी केली. कोणाला खरचटलेही नाही. पण वाडीत बोलणे सुरू झाले. महाडच्या दोन गॅरेजांत जीप जाऊन आली. पहिल्याने ब्रेकचा मुख्य सिलिंडर बदलला. दुसऱ्याने बूस्टर बदलला. पोकळीची ताकद पायाला देणारा पत्र्याचा गोल डबा तो बूस्टर. दोन्ही वेळा सपाटीवर जीप नीट थांबली, आणि बूस्टर बदलूनही घाटात ब्रेक पुन्हा जड लागला. तेव्हा वाडीने ठरवले की मुले या गाडीतून जाणार नाहीत. चौघांचे नातेवाईक पोलादपुरात होते, त्यांची राहायची सोय तिथे झाली. तीन मुलींचे कोणीच नव्हते. त्यांच्या घरचे म्हणत होते, पुढच्या वेळेला बसतील परीक्षेला.

बुधवारी पहिला पेपर होता. सोमवारी सकाळी सुलभा जीप घेऊन मिस्त्रींच्या दारात आली. परीक्षेच्या काळात डोंगरातल्या वाड्यांची मुले कशी येतात यावर मला लिहायचे होते, म्हणून मी तिथे होतो.

‘कशी आलीस गो?’ मिस्त्रींनी विचारले.

‘पहिल्या गेरात. रिकामी. उजाडल्या उजाडल्या निघाले.’

‘इंजिन बंद केलंस कुठं?’

‘बंद करून उतरायला मी काय बाप्या माणूस हाय?’

मिस्त्रींनी डाव्या कानातला बोळा काढून तिच्याकडे नीट पाहिले. ‘काय ऐकू येतं?’

सुलभाने दारावरच्या ओळी वाचलेल्या दिसत होत्या. ती म्हणाली, ‘गाडी गार असली की काय नाय. तासभर चालली की पायापाशी सूं होतं. ब्रेक दाबला की जास्त.’

‘महाडात सांगितलंस हे?’

‘सांगितलं. ते म्हणाले, वहिनी, तुम्ही बाहेर बसा.’

मिस्त्रींनी जीप तासभर चालू ठेवली. मग मावशींकडून उदबत्ती मागवली. ती पेटवून बूस्टरच्या आसपास फिरवू लागले. रस्त्यावरून जाणारा एकजण थांबला. ‘मिस्त्री, पूजा घालताय काय गाडीची?’

माझ्या गाडीला उदबत्ती का लावली नव्हती, असे मी विचारले.

‘तुझी पेट्रोलची. भडकून मरायचं होतं काय?’

धूर सरळ वर जात होता. बूस्टरमध्ये जिथे पंपाकडची नळी शिरते तिथे प्लास्टिकचे एक कोपराच्या आकाराचे तोंड असते. उदबत्ती त्याच्या खाली आली आणि धुराची रेघ मोडली. ती बाजूला वळली आणि प्लास्टिकच्या आत जाऊ लागली. मिस्त्रींनी नळी आवळणारा क्लॅम्प सोडवला. त्याच्याखाली, क्लॅम्प कोणीतरी वाजवीपेक्षा जास्त आवळला होता तिथे, केसाएवढी भेग होती. गार असताना ती मिटे, तापली की उघडे.

‘पण बूस्टर तर नवा टाकला,’ सुलभा म्हणाली.

‘नव्याला हे तोंड आलं नसंल. जुन्याचं काढून नव्याला बसवलं. घर बदललं, चोराला सामानाबरोबर घेऊन गेले.’

नवे तोंड पोलादपुरात नव्हते, महाडातही नव्हते. पनवेलहून यायला चार दिवस. सुलभा जीपच्या पायरीवर बसली. ती रडली नाही. तिने फक्त विचारले, ‘बुधवारला होईल का नाय, ते एकदा सांगा. म्हणजे मी त्या मुलींच्या घरी सांगते.’

मिस्त्रींनी ते तोंड फडक्यात गुंडाळले आणि माझ्या गाडीचे मागचे दार उघडून आत बसले. ते कुणाच्याही गाडीत पुढे बसत नसत. पुढे बसले की चालकाशी बोलावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही बिरवाडीला एका लेथवाल्याकडे गेलो. मिस्त्रींना पितळेचे तोंड कातून हवे होते. मापे त्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर काढली होती.

लेथवाला म्हणाला, ‘एवढ्याशा भेगेला कातकाम कशाला? लांबीचा लगदा भरा आणि वरून पट्टी मारा. कंपनीचं येईपर्यंत चालंल.’

‘ब्रेकचं हाय.’

‘म्हणून काय झालं?’

‘परीक्षेची पोरं बसणार हायत त्यात,’ मिस्त्री म्हणाले.

लेथवाल्याने पितळेची कांडी लावली. पहिला नग मिस्त्रींनी उजेडाकडे धरला आणि परत दिला. आत एक रेघ होती. दुसरा नळीत सैल बसला. तिसऱ्यावर त्यांनी दहा मिनिटे बोट फिरवले. लेथवाला मला म्हणाला, ‘पोरगी बघायला आल्यासारखं करतो हा.’ तिसरा त्यांनी फडक्यात घेतला. परत येताना पनवेलच्या दुकानदाराला माझ्या फोनवरून कंपनीचे तोंडही मागवले.

मंगळवारी सकाळी त्यांनी ते पितळी तोंड बसवले. मग एक विचित्र गोष्ट केली. ते पुन्हा काढले आणि सुलभाच्या हातात दिले.

‘आता तू बसव.’

तिने बसवले. त्यांनी काढायला लावले. पुन्हा बसव. क्लॅम्प किती आवळायचा हे त्यांनी सांगितले नाही. तिच्या प्रत्येक खेपेनंतर स्वतः उदबत्ती फिरवली आणि धूर वळला की नकारार्थी मान हलवली. चौथ्या खेपेला धूर सरळ राहिला. पाचव्या आणि सहाव्यालाही राहिला. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मग जीपमध्ये वाळूची पोती भरून ते दोघे घाटात जाऊन आले. वर काय केले हे मी विचारले नाही. परत आल्यावर मिस्त्री म्हणाले, ‘चल, वाडीत सांगायला जाऊ.’

दुपारी चारच्या सुमारास आम्ही कुडपणला पोचलो. देवळापुढच्या मोकळ्या जागेत तीसेक माणसे जमली. बोलणारे मुख्यतः आबा. त्यांनी मुंबईत एका शेटजींची गाडी चालवण्यात उमर घालवली होती आणि वाडीत गाड्यांविषयी त्यांचा शब्द शेवटचा होता. नातेवाईक नसलेल्या तीन मुलींपैकी एक त्यांची नात.

‘मिस्त्री, तुमचं नाव ऐकून हाय,’ आबा म्हणाले. ‘दोन गॅरेजवाल्यांनी पण ओके सांगितलं होतं. तुम्ही गॅरंटी देता? तुमच्या शब्दावर पोरं बसवतो.’

सगळे मिस्त्रींकडे बघू लागले. एक ‘हो’ पुरला असता. मी माझ्या वहीत तो लिहून टाकायच्या तयारीत होतो.

‘माझ्या शब्दावर नको,’ मिस्त्री म्हणाले. ‘मी काय रोज येणार हाय तुमच्या घाटात? गाडी ही चालवणार. हिला विचारा.’

कुजबुज झाली. मागून एक बाई म्हणाली, ‘बघ, हा पण हात झटकतोय.’ सुलभाचा चेहरा उतरला. मिस्त्री एका दगडावर जाऊन बसले आणि त्यांनी विडी पेटवली. मला त्यांचा राग आला, हे इथे नोंदवायला हवे.

सुलभाने बॉनेट उघडले.

‘आबा, तुम्ही बसा चालकाच्या जागेवर.’

‘मी कशाला?’

‘तुमचा पाय गाडीवर झिजलाय. तुमच्या पायालाच विचारू.’

आबा बसले. सुलभाने नळी त्या तोंडावरून उपसून काढली. ‘आता ब्रेक पाच-सहा वेळा दाबा. जड झाला? तसाच दाबून धरा, पाय हलवू नका.’ खिडकीतून हात घालून तिने चावी फिरवली. इंजिन चालू झाले.

‘काय होतंय?’

‘काय नाय. दगड हाय.’

‘माझ्या पायाखाली दोनदा हा आला होता.’

तिने इंजिन बंद केले. सगळ्यांना दिसेल अशी बाजूला उभी राहून नळी पुन्हा बसवली, क्लॅम्प आवळला, बोटाने चाचपला. ‘आता परत. पाच-सहा वेळा. दाबून धरा.’ तिने चावी फिरवली.

आबांचा पाय खाली गेला. हळूच, दोन बोटे. कोणी खालून ओढून घ्यावा तसा. आबांनी चमकून पायाकडे पाहिले.

‘परत कर,’ ते म्हणाले.

तिने परत केले. पाय परत खाली गेला. मग त्यांनी स्वतः चावी घेऊन आणखी दोनदा करून पाहिले.

‘हे पितळेचं कायमचं हाय?’

‘नाय आबा. कंपनीचं शुक्रवारी येतंय. तोवर रोज सकाळी असंच बघणार आणि मगच पोरं बसवणार. ज्या दिवशी पाय खाली जाणार नाय, त्या दिवशी गाडी हलणार नाय. तुम्ही म्हणालात तरी.’

आबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मग त्यांनी गर्दीकडे न बघता विचारले, ‘सकाळी किती वाजता निघणार गो?’

‘साडेसहाला. उशीर केलात तर थांबणार नाय.’

‘कविता,’ आबांनी नातीला हाक मारली, ‘ऐकलंस काय? साडेसहाला.’

मागे उभी असलेली ती बाई पुढे आली आणि तिने सुलभाला विचारले, ‘माझी पण येईल. तिला गाडी लागते, खिडकीशी बसवशील ना?’